डबे सरकवणारी

मिस्त्रींच्या घराचं दार उघडलं की आधी डबे दिसायचे, मग माणसं. थंड पेयांचे, सोड्याचे, बिअरचे, लाल, निळे, हिरवे, पोतीच्या पोती. जिन्याखाली पोती, न्हाणीघराच्या आडोशाला पोती, आणि एक पोतं तर थेट पलंगाखाली होतं. ते हलवायचं हलवायचं म्हणता तीन वर्षं उलटली होती. पाहुणा आला की मिस्त्रीकाकू आधी खुर्चीवरचा डबा उचलायच्या आणि मगच "बसा" म्हणायच्या. एकदा धाकट्या जावेने विचारलं, "जाऊबाई, एवढं पिता तरी कधी तुम्ही?" त्यावर काकू म्हणाल्या, "पितं सगळं गाव आणि चढते आम्हाला." जाऊ पोट धरून हसली. काकूही हसल्या, कारण तेव्हा हसण्यासारखे दिवस होते.

ह्या डब्यांच्या मिस्त्री लगडी पाडायचे. लगड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सोनं येतं. ही ॲल्युमिनियमची, पाण्याच्या पेल्याएवढी, गोल, जाडजूड. लेथवाला ती घेऊन जायचा आणि तिच्यातून पुल्या आणि दारांच्या मुठी कातून काढायचा. मिस्त्रींची लगड कापली तर आत एक भोक सापडायचं नाही, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि तेवढं ऐकायला मिस्त्री त्याला दोनदा चहा पाजायचे.

मागच्या अंगणात, जेमतेम चार खाटा मावतील एवढ्या जागेत, मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने भट्टी बांधली होती. पत्र्याचा जुना ड्रम, आतून भट्टीच्या मातीचा चार बोटं जाड लेप, खालून हवा फुंकणारा ब्लोअर, वर मधोमध भोक असलेलं झाकण. आत कोळसा आणि कोळशात रुतवलेली मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं. तीही विकतची नव्हे. जाड लोखंडी नळाचा तुकडा घेऊन त्याला खालून तळ जोडलेला. भट्टी पेटली की वरच्या मजल्यावरची शेजारीण खिडक्या आपटून लावायची आणि दोरीवरचे कपडे ओढून घ्यायची. रोज काही ना काही कुरकुर करायची म्हणून तिचं नाव तक्रारवहिनी पडलं होतं. बाई मनाने वाईट नव्हती, पण ते पुढे कळायचं होतं.

भट्टीच्या कडेला, धगीवर, हातभर लांबीचा एक लोखंडी पत्रा होता. त्याला घरात तवा म्हणत. ह्या घराचा एक नियम होता: डबा थेट मुशीत जायचा नाही. आधी उलटा करून झटकायचा, मग तव्यावर ठेवायचा. आत घोटभर काही उरलं असेल तर डबा चुरचुरायला लागायचा. गोड पेय असेल तर साखर जळल्याचा वास तरी यायचा. साध्या पाण्याला कसला वास? भर उन्हात वाफही दिसत नाही. तिथे कामाला येणार ते फक्त कान. चुरचुर थांबली की डबा कोरडा. मग तो चिमट्याने उचलायचा, मुशीत सोडायचा आणि सळईने वितळलेल्या धातूत तळापर्यंत दाबायचा, कारण तो पातळ पत्रा वर तरंगत राहिला तर जळून नुसती राख होते. आणि अशा दाबलेल्या डब्यात चमचाभर जरी पाणी असलं, तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती मुशीतलं सगळं घेऊन वर उसळते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मिस्त्रींनी हे काकूंना सांगितलं होतं, कारखान्यात एकाच्या तोंडावर असं उडालं तेव्हा. काकूंच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नव्हता.

कारखान्यात मिस्त्रींनी तीस वर्षं ओतकाम केलं. साचे फोडायची यंत्रं डोक्याशी धडधडत असायची. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घालणारा माणूस म्हणजे नाजूक, असा तिथला कायदा. त्यामुळे बोळे कपाटात आणि कान उघडे. त्यांच्या आधीचा मुख्य ओतकाम करणारा असाच बहिरा झाला. त्याला कारखान्याचा भोंगासुद्धा ऐकू येईना, म्हणून त्याचं नाव भोंगा पडलं. भोंग्याला ओतकामावरून काढून फाटकावर बसवलं. येणारेजाणारे त्याच्यासमोर उभे राहून नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचेच नाहीत, आणि तो बिचारा कानावर हात ठेवून पुढे वाकला की खो खो हसायचे. मिस्त्रीही त्यांतलेच. संध्याकाळी घरी येऊन ते भोंग्याची हुबेहूब नक्कल करायचे आणि काकू हसून हसून डोळे पुसायच्या. ह्या हसण्याची काकूंना पुढे किती लाज वाटली, ते त्यांनाच ठाऊक.

कारखाना बंद पडला, मिस्त्री घरी बसले, महिनाभर भिंतीकडे बघत राहिले आणि मग एके दिवशी ड्रम घेऊन आले. भट्टी पेटली तसा माणूसही पेटला. काकूंना बरं वाटलं. घरात धूर झाला, पोती झाली, तक्रारवहिनी झाली, पण नवरा पुन्हा नवऱ्यासारखा बोलायला लागला. त्या बदल्यात काकूंनी अजून दहा पोती पलंगाखाली घेतली असती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काकू भट्टीशेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. तव्यावर एक निळा डबा चांगला मोठ्याने चुरचुरत होता. मिस्त्रींनी चिमटा पुढे केला, डबा उचलला आणि मुशीकडे नेला. काकूंना वाटलं, नुसता उचलून बघताहेत. पण डबा झाकणाच्या भोकावर गेला, तरी चुरचुरतच होता. काकू लसणासकट उठल्या आणि त्यांनी मिस्त्रींचं कोपर मागे ओढलं.

"काय गं! वेड लागलं का तुला?" मिस्त्री खेकसले.

काकूंच्या तोंडून खरं निघणारच होतं. पण त्यांनी मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते रागावले होते, घाबरले नव्हते. त्यांना काही कळलंच नव्हतं. काकूंच्या डोळ्यांपुढे फाटकावरचा भोंगा आला.

"तुमच्या बाहीला ठिणगी लागली होती," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी बाही उलटीसुलटी करून पाहिली. काही नव्हतं. "विझली वाटतं," ते म्हणाले आणि चिमट्यातला डबा पुन्हा तव्यावर ठेवला. तोपर्यंत काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून काकू भट्टीवर उभ्या राहायला लागल्या. हातात एक लांब सळई. डबे तव्यावर मांडायच्या, सळईने उलटसुलट करायच्या, कान देऊन ऐकायच्या, आणि ज्याची चुरचुर पूर्ण थांबली तो मिस्त्रींच्या बाजूला सरकवायच्या. "तुम्ही फक्त ह्या टोकाचे उचला, म्हणजे तुम्हाला वाकायला नको. तुमची कंबर धरते ना," असं वर सांगायच्या. मिस्त्रींनी एकदा हूं केलं आणि तेव्हापासून ते फक्त त्यांच्या टोकाला आलेले डबे उचलायला लागले. ना ह्यांनी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. काम बिनबोभाट सुरू झालं.

वाचणाऱ्याला वाटेल, काय ही बाई! सरळ सांगून मोकळं व्हायचं, कानाचं यंत्र आणायचं, प्रश्न मिटला. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या बाबतीत हे सगळं फार सोपं असतं. काकूंनाही शेजारच्या आजोबांच्या बाबतीत ते सोपंच वाटलं होतं. पण ह्या माणसाला त्यांनी भिंतीकडे बघत बसलेलं पाहिलं होतं. "तुम्हाला ऐकू येत नाही," हे वाक्य म्हणजे भट्टी बंद, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि भट्टी बंद म्हणजे पुन्हा ती भिंत.

तर काकू मिस्त्रींचे कान झाल्या, आणि त्याची शिक्षाही त्यांनाच झाली. भट्टी पेटलेली असताना त्यांना घरातून हलता येईना. भाचीच्या लग्नात त्या अक्षता पडताच निघाल्या, बहीण रुसली. ताप असला तरी गोळी घेऊन उभ्या राहायच्या. ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज आला की हातातलं सोडून धावायच्या. जीव सतत टांगणीला. झोपल्यावरसुद्धा कानात चुरचुर असायची. आणि ह्या सगळ्यावर मिस्त्री लेथवाल्याला सांगायचे, "दोन वर्षांत एक थेंब उडाला नाही माझ्या भट्टीतून. कान लागतो त्याला, कान!" काकू चहाचा कप पुढे करायच्या आणि खाली बघायच्या. कधी त्यांना अभिमान वाटायचा, कधी ओरडावंसं वाटायचं.

मिस्त्रींचं ऐकणं दिवसेंदिवस उतरत गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटी, मग बायकांचे बोल. जाडेभरडे आवाज त्यांना समजायचे, म्हणून लेथवाल्याला काही संशय आला नाही. पण घरात मुलगी होती.

मुलगी सव्वीस वर्षांची. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात कपडे मापात बसवून द्यायचं काम करायची. कमरेला सैल, बाहीला लांब, काहीही आणा, तासाभरात अंगासरसं करून देणार. हात असा चालायचा की दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना तिची शिवण उलटी करून दाखवायचा. एकदा तिने जेवताना बाबांना तीन हाका मारल्या, बाबांनी पाण्याचा तांब्या उचलून स्वतःच पाणी ओतून घेतलं.

"आई, बाबांचे कान तपासून घेऊया का?" ती म्हणाली.

"काही झालेलं नाही त्यांच्या कानांना," काकू एकदम तुटून पडल्या. "लक्ष नसतं त्यांचं. पुरुषांचं असंच असतं. तू जेव."

मुलगी जेवली. आईने ताकास तूर लागू दिली नाही, आणि तिनेही मग तो विषय सोडून दिला.

मग काकूंच्या थोरल्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बहीण दुसऱ्या गावी एकटी राहायची. दोन दिवस तरी कोणी जवळ हवं होतं, आणि लग्नाचा रुसवा अजून गेलेला नव्हता. काकूंना जाणं भाग होतं.

"दोन दिवस भट्टी बंद ठेवा ना," त्या मिस्त्रींना मोठ्याने म्हणाल्या.

"लेथवाल्याला शब्द दिलाय. शनिवारपर्यंत चाळीस लगडी."

"मग शनिवारनंतर द्या."

"तुला काय जातं सांगायला!" मिस्त्री म्हणाले आणि सळ्या पुसायला लागले. त्या माणसाने दिलेला शब्द तीस वर्षांत मोडला नव्हता, हे काकूंना माहीत होतं. त्यांनी जास्त ताणलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी काकूंनी मुलीला अंगणात बोलावलं. "दोन दिवस दुकानात सुट्टी टाक. बाबांच्या शेजारी उभी राहा."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"काही यावं लागत नाही. मी करते तसं करायचं. डबे तव्यावर मांडायचे, सळईने हलवत राहायचं, आणि एकेक करून बाबांच्या बाजूला सरकवायचे. त्यांची कंबर धरते."

"एवढंच ना?"

काकू थांबल्या. मिस्त्री चार पावलांवर कोळसा फोडत होते. पाठमोरे होते आणि त्यांना ह्यातलं काही ऐकू जाणार नव्हतं, हे काकूंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगायला तेवढी फुरसत पुरेशी होती. पण मुलगी सरळ स्वभावाची. तिला सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथे बाबांपुढे जाऊन उभी राहिली असती, की आधी डॉक्टरकडे चला. दोन वर्षं जपलेलं एका सकाळी उघडं पडलं असतं. आणि दोनच तर दिवसांचा प्रश्न होता. भट्टीत जाणारी पोती काकूंनी आदल्या दिवशी स्वतः डबान् डबा झटकून ठेवली होती.

"एवढंच," काकू म्हणाल्या. "घाई मात्र करू नको. सावकाश सरकव."

पहिला दिवस नीट गेला. काकूंनी बहिणीच्या घरून तीनदा फोन केला. मुलगी हसून म्हणाली, "आई, अठरा लगडी झाल्या. तू उगाच भाव खात होतीस, काय एवढं कठीण आहे?" काकूंचा जीव भांड्यात पडला. बहिणीच्या डोळ्यांत थेंब घालताना त्या बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने गप्पा मारत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी झटकलेली पोती संपली. जिन्याखालची उपसत बसायला वेळ नव्हता, म्हणून मिस्त्रींनी मुलीला भंगारवाल्याकडे फोन करायला लावला. तो पोतं टाकून गेला. त्याच्या वखारीत मुंग्या आणि गांधीलमाश्या फार झाल्या होत्या, म्हणून त्याने नवीनच टूम काढली होती: डबे पाण्याच्या टाकीत बुचकळून काढायचे आणि मग पायाने चपटे करून पोत्यात भरायचे. माश्या गेल्या, पोत्यात डबे दुप्पट मावायला लागले, भंगारवाला खूश. चपट्या डब्यांच्या घड्यांमध्ये स्वच्छ, बिनवासाचं पाणी तसंच अडकून राहिलं, हे त्याच्या गावीही नव्हतं. ह्यात त्याचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. डबे वितळवताना काय लागतं, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास काकूंच्या फोनवर तक्रारवहिनींचा आवाज आला. त्या कधी फोन करत नसत. "तुम्ही ताबडतोब निघा," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, दोघं जिवंत आहेत. मी रिक्षातून दवाखान्यात आणलंय." आणि मग ती रोज कुरकुरणारी बाई फोनवर रडायला लागली.

मिस्त्रींनी कातडी एप्रन घातला होता, हातमोजे घातले होते, म्हणून त्यांच्या फक्त गालावर आणि मानेवर शिंतोडे उडाले होते. तोंडावर घ्यायची काचेची ढाल घरात एकच होती आणि ती त्यांनी मुलीला घातली होती, म्हणून तिचा चेहरा वाचला. पण आईचे हातमोजे तिला मोठे व्हायचे, सळई निसटायची, म्हणून तिने उजव्या हातातला काढून ठेवला होता. मुशीतलं उसळलेलं ॲल्युमिनियम त्याच हातावर पडलं होतं.

काकू पोहोचल्या तेव्हा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला होता. डॉक्टर बाहेरच भेटले. जिवाला धोका नाही, म्हणाले. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं फार भाजली आहेत. ती पुन्हा किती वाकतील, सुई धरता येईल का, ते आत्ता सांगता येणार नाही. डॉक्टरांना ती काय काम करते ते माहीत नव्हतं. सुईचा उल्लेख त्यांनी सहज केला होता.

मुलीला गुंगीचं औषध दिलेलं होतं, पण तिने आईला पाहून डोळे उघडले.

"आई, मी तू करतेस तसंच केलं गं," ती म्हणाली. "मांडले, हलवले, सरकवले. घाईसुद्धा केली नाही."

"बोलू नको. पडून राहा."

"ते डबे चुरचुरत होते. कालचे इतके चुरचुरत नव्हते. मला ऐकू येत होतं." ती थांबली, ओठ ओले केले. "मला वाटलं, तसंच असतं. तापले की चुरचुरत असतील. बाबा एवढे जवळ होते, त्यांनाही येतच असणार ना ऐकू. ते काही बोलले नाहीत, म्हणून मी सरकवले."

काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मुलीचे कान चांगले होते. आवाज तिच्यापर्यंत आला होता, अगदी स्पष्ट आला होता. त्याचा अर्थ तेवढा आईने स्वतःजवळ ठेवून घेतला होता. मुलीचे डोळे पुन्हा मिटले आणि काकू खाटेपासून उठून बाहेर आल्या, कारण तिथे थांबणं त्यांना अशक्य झालं.

मिस्त्री खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसले होते. गालावर मलमाची पट्टी. हात मांडीवर पालथे. बाकड्यावर इतरही लोक होते: पाय प्लॅस्टरमध्ये असलेला एक माणूस, लेकरू मांडीवर घेतलेली एक बाई, टेबलाशी कागद लिहिणारी नर्स. काकू मिस्त्रींच्या शेजारी बसल्या. आता सांगायचं, त्यांनी ठरवलं. आत्ता नाही सांगितलं तर आपण माणूस नव्हे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "माझं चुकलं."

मिस्त्री समोर बघत राहिले.

"अहो, तुम्हाला डब्यांची चुरचुर ऐकू येत नाही."

मिस्त्रींनी मान वळवली. "काय?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. नर्स लिहीत होती. त्या जरा जवळ सरकल्या आणि थोडं मोठ्याने म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही. मी तुम्हाला कधी बोलले नाही."

"मोठ्याने बोल ना गं," मिस्त्री म्हणाले आणि कानावर हात ठेवून पुढे वाकले.

दोन वर्षं ज्या गोष्टीची कुणाला कुणकुण लागू नये म्हणून काकू तापात उभ्या राहिल्या होत्या, ती गोष्ट कुजबुजून सांगायची सोयच उरली नव्हती. काकू उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या नवऱ्यावर कधी चारचौघांत ओरडल्या नव्हत्या.

"तुम्हाला ऐकू येत नाही!" त्या ओरडल्या. "दोन वर्षं झाली! तुमच्या जागी मी ऐकत होते! चुरचुर थांबली की मी सरकवत होते, आणि तिला मी ते सांगितलंच नाही! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी पोरीला सांगितलं नाही!"

नर्सचा हात थांबला. बाईच्या मांडीवरचं लेकरू रडायला लागलं. प्लॅस्टरवाला माणूस त्यांच्याकडे बघत होता, मग त्याने दुसरीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता हा माणूस उठून निघून जाईल, नाहीतर मला काहीतरी लागेलसं बोलेल, आणि काहीही बोलला तरी चालेल.

मिस्त्रींनी मांडीवरचे हात उलटे करून पाहिले.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. आपण किती मोठ्याने बोलतोय ह्याचा त्यांना अंदाज नव्हता. सगळ्यांना ऐकू जात होतं. "त्या बाहीला ठिणगीबिणगी काही नव्हती. तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी तू सळई घेऊन उभी राहिलीस. म्हटलं, ही बोलत नाही तर आपणही कशाला बोला. बोललो असतो तर भट्टी बंद करावी लागली असती. तुझ्यावर भरवसा होता. तू सरकवलास की उचलायचा. काल पोरगी येऊन उभी राहिली, सळई घेऊन, तुझ्यासारखीच. मला वाटलं, तू तिला सगळं सांगून गेलीस. तिने सरकवला की मी बुडवला. एकदाही तिला विचारलं नाही."

काकू पुन्हा बाकड्यावर बसल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, एक जण लपवतोय. लपवणारे दोघं होते. एकाच तव्याच्या दोन टोकांना उभे राहून दोघांनी एकमेकांना जपलं होतं, आणि मध्ये पोरीला आणून उभं केलं होतं. रडू येत होतं, पण रडायचाही हक्क नाही असं काकूंना वाटलं. मिस्त्रींनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. तो जड आणि गार होता.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पहिलीच खाट मुलीची. एवढ्या आरडाओरड्यात गुंगीतलं माणूसही जागं होणारच. आतून आवाज आला, बारीक, घोगरा, पण राग होता त्यात की रडणं होतं ते कळेना.

"बाबा."

मिस्त्री जमिनीकडे बघत बसले होते.

"बाबा, आत या."

काकू सवयीने उठणार होत्या. आत जाऊन "अगं, ते जरा बाहेर गेलेत" असं काहीतरी म्हणणार होत्या. ते शब्द तोंडात तयारही होते. त्या तशाच थांबल्या. मग त्यांनी मिस्त्रींचा खांदा हलवला, त्यांनी वर बघेपर्यंत वाट पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरगी हाक मारतेय तुम्हाला. दोनदा मारली. तुम्हाला ऐकू आली नाही."